चार कोपऱ्यांचं गाऱ्हाणं

माणसाची संस्कृती नांगरामुळे सुरू झाली नाही, लिपीमुळेही नाही. एका जागचं ओझं उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवायला माणूस ज्या दिवशी तयार झाला, त्या दिवशी ती सुरू झाली, असं माझं पूर्ण विचारांती बनलेलं मत आहे. हे मत मी आयुष्यात एकदाच जाहीरपणे मांडलं. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या यार्डात, कंटेनर चालवायला नव्याने आलेल्या पाच ड्रायव्हरांसमोर. त्यांच्यातल्या एकाने हात वर करून विचारलं, की चहा भाषणांच्या आधी आहे की नंतर.

चहा नंतर होता, म्हणून लोक थांबले.

प्रसंग प्रशिक्षण शिबिराच्या उद्घाटनाचा होता. व्यासपीठ म्हणून रिकामा ट्रेलर उभा केला होता आणि त्यावर सतरंजी अंथरली होती. मागे फलक, पुढे समई. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले, कारण अस्नोड्यापासून ते एका कंटेनरच्या मागे अडकले होते. कंटेनर आमचाच होता. तरीही मन मोठं करून त्यांनी आम्हाला अर्थव्यवस्थेच्या रक्तवाहिन्या म्हटलं. पहिल्या रांगेत बसलेला एक पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "म्हणजे आमी रगत की शीर?" शेजारी म्हणाला, "शीर. रगत म्हणजे डिझेल."

बोलणं संपवून पाहुणे मागे सरले आणि सतरंजीखालच्या एका उंचवट्याला अडखळले. कंटेनरच्या ट्रेलरला चार कोपऱ्यांत लोखंडाची चार बोंडं असतात. डब्याच्या, म्हणजे कंटेनरच्या, तळाला चार भोकं असतात. क्रेनने डबा नीट बसवला की बोंड भोकातून आत शिरतं, आणि खालची मूठ फिरवली की ते आडवं होऊन डबा धरून ठेवतं. एवढ्या चार बोंडांवर सगळा व्यवहार उभा असतो. पाहुण्यांच्या अंगठ्याला लागलं त्याच्यापलीकडे त्या दिवशी शिबिरात या विषयाचं प्रात्यक्षिक झालं नाही.

पांढऱ्या मिशांचा तो ड्रायव्हर म्हणजे माझा उस्ताद. मी पेडण्याचा. पंचविशीत काम शोधत डिचोलीला आलो तेव्हा खनिजाचा टिप्पर मला त्याने शिकवला. तो मूळचा दोडामार्गाकडचा, पण सगळी हयात डिचोलीच्या खाणींवर गेलेली. त्या काळी रस्त्यांवर टिप्परांची रांग लागायची, आणि त्या रांगेत त्याची गाडी कुठे आहे हे हॉर्नवरून कळायचं. पुढे खाणी बंद पडल्या. मी पुस्तकं वाचणारा माणूस असल्यामुळे मला लवकर भीती वाटते. मी वर्षभरातच ट्रेलर शिकून कंटेनरकडे वळलो. उस्तादाने वाट पाहिली. खाणी आज सुरू होतील, उद्या होतील. त्याच्या टिप्परवर वेली चढल्या, मग तो टिप्पर भंगारात गेला. त्याने पाण्याचा टँकर चालवला, शाळेची बस चालवली. आता त्याची पंचावन्नी उलटली होती, आणि जावयाने त्याच्यासाठी मोरजीतल्या एका हॉटेलात रखवालदाराची जागा पाहून ठेवली होती. खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला गणवेश आणि गळ्यात शिटी. पाहुण्यांच्या गाड्या आल्या की फाटक उघडायचं.

"माका त्या कपड्यांत बघलंस तर वळखू नको," त्याने मला सांगितलं होतं.

आमच्या मालकांना आम्ही सगळे पात्रांव म्हणतो. गोव्यात मालकाला हा शब्द अजून आहे. पात्रांवना उस्तादाच्या वयाची शंका होती. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "आठ दिवस तुझ्याबरोबर फिरवून बघ. नवव्या दिवशी मी येतलों. जमलं तर ठेवूया, नाही तर त्याचा वेळ आपण कित्याक फुकट घालवायचा?" म्हणजे आठ दिवसांत माझ्या उस्तादाचं काय ते मी ठरवायचं होतं. असा मान मी मागितला नव्हता.

पहिल्या सकाळी वसाहतीच्या फाटकाजवळच्या गाड्यावर उंडो-भाजी, म्हणजे गोव्याचा गोल पाव आणि भाजी, खाताना त्याने मला विचारलं, "तू माका शिकवतलंस?"

"शिकवचा लागतला, उस्ताद."

"बरा. शिकव. पण हळू बोल, लोक ऐकतत."

त्याला शिकवायला फार काही नाही, असं मला वाटत होतं. गाडी त्याच्या हातात पाण्यासारखी चालायची. पण खनिजाच्या ड्रायव्हरला कंटेनर शिकवणं म्हणजे नवं शिकवणं कमी आणि जुनं विसरायला लावणं जास्त. टिप्पर एकसंध असतो. पुढचं चाक गेलं तिथून मागचं जातं. ट्रेलर मधोमध मोडतो. वळणावर पुढची गाडी निघून जाते आणि मागचा डबा आतल्या अंगाने कुणाचं तरी कुंपण घेऊन येतो. पहिल्या दोन दिवसांत उस्तादाने कुणाचं कुंपण आणलं नाही, पण एका तुळशीवृंदावनापासून वीतभर अंतरावरून आम्ही गेलो. मी डोळे मिटले होते. तो म्हणाला, "उघड. गेली."

दुसरी गोष्ट उंचीची. टिप्परवाल्याला आभाळाशी देणंघेणं नसतं. कंटेनरवाल्याला असतं. पेडण्याकडच्या गावरस्त्यांवर आंब्याच्या फांद्या, विजेच्या तारा आणि बाराही महिने कुणाच्या ना कुणाच्या स्वागताच्या कमानी. मी त्याला सांगितलं, कमान कोणाच्या स्वागताची आहे ते वाचू नका, किती उंच आहे ते वाचा. ते त्याला पटलं. त्यानंतर कमान आली की तो गाडी थांबवून, उतरून, मान वर करून उभा राहायचा. कमानीवरच्या फोटोतल्या माणसांना आपल्याकडे कुणी इतक्या आदराने पाहतंय असं वाटत असणार.

तिसरी गोष्ट मात्र त्याच्या मनाला लागली. डब्याच्या दाराला सील असतं. त्यावर नंबर असतो, तो कागदावरच्या नंबरशी जुळवून पाहायचा, आणि त्या सीलला गोदीपर्यंत हात लावायचा नाही.

"म्हणजे आत काय असा ता बघूक नको?"

"कागदार असता."

त्याने कागद पाहिला. "प्लॅस्टिकच्या वस्तू. मेल्या, ह्या काय सांगणा झाला? वस्तू म्हणजे काय?"

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं मी डबे वाहतोय आणि आत काय आहे हे क्वचितच मला कळलंय. उस्तादाने जन्मभर जो माल वाहिला तो त्याला कुणाला विचारावा लागला नव्हता. तो त्याच्या नाकात, कानात, शर्टाच्या शिवणीत आणि जेवणाच्या डब्यातल्या भातात असायचा. आपण काय नेतोय हे ठाऊक नसताना ते नेणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. मी वरच्यासारखं काहीतरी संस्कृतीबद्दल बोललो. त्याने खिडकी खाली करून थुंकून टाकलं, आणि विषय संपला.

पण खरी अडचण चौथीच निघाली, आणि ती मला पाचव्या दिवशी कळली. टिप्परच्या मागच्या फाळक्याला खिट्टी असते. माल भरला की खनिजाचा ड्रायव्हर तिला बुटाची टाच मारतो. खटकन आवाज आला की बसली. डिचोलीतल्या कुठल्याही ड्रायव्हरला ही लाथ डोळे झाकून मारता येते; उस्तादाची तर नावाजलेली होती. आता तो ट्रेलरच्या मुठींनाही तशीच लाथ मारायचा. मूठ फिरायची, आवाज यायचा, आणि तो पुढे जायचा. पण मूठ फिरली म्हणजे बोंड फिरलंच असं नसतं. डबा दोन बोटं वाकडा बसला असला, खाली खडा आला असला, तर मूठ फिरते आणि बोंड उभंच राहतं. डब्याच्या कोपऱ्याला बाजूनेही एक भोक असतं. क्रेन दूर गेल्यावर त्यात बोटं घालून बोंड आडवं झालंय का ते चाचपायचं, हाच एक खात्रीचा उपाय. बोटांना ग्रीस लागतं. ते लावून घ्यायचं.

हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, आणि पुढच्या खेपेला पुन्हा लाथ मारली.

शिवाय एक कोपरा राहायचाच. तो केबिनमधून उजवीकडे उतरायचा, मागे जायचा, मागचे दोन कोपरे पाहायचा, डावीकडून पुढे येऊन तिसरा पाहायचा आणि गाडीच्या तोंडावरून वळसा घालून आपल्या दारात चढायचा. चौथा कोपरा त्याच्या दाराच्या लगेच मागे. जो सगळ्यात जवळ, तोच राहायचा.

"उस्ताद, उजवो म्होरलो ऱ्हवलो."

"बघलंय."

"कधी?"

"उतरताना बघलंय. माझ्या पाठीकच तर असा."

सहाव्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी मी चिडलो. इतकी वर्षं गाडी हाकणाऱ्या माणसाला चार आकडे मोजता येऊ नयेत? रागाच्या भरात मी म्हणालो, "देवळात गाऱ्हाणा घालतास तेव्हा एक तरी देव विसारतास काय?"

उस्ताद त्याच्या गावात गाऱ्हाणं घालायचा. ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या भागात जत्रा असो, नवं घर असो, नवी गाडी असो, एक जाणता माणूस नारळ हातात धरून देवाला उभ्या उभ्या सगळं सांगतो. गावचे देव, शिमेवरचे, म्हणजे गावच्या सीमेवरचे, राखणदार, चारी दिशा, एकेकाला नाव घेऊन साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक म्हणतात, "व्हय म्हाराजा." उस्ताद वीस-पंचवीस देव आणि राखणदार एका दमात घ्यायचा. त्याच्या तोंडून एकही राहिला नव्हता. राहिला तर गाव त्याला नारळाला हात लावू देणार नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "देवाची मस्करी करतंस?"

"नाय. चार कोपरे म्हणजे चार शिमी. घाला गाऱ्हाणा."

त्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली. मग उजव्या पुढच्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला. जो नेहमी राहायचा, तिथूनच सुरुवात केली. भोकात दोन बोटं घातली आणि म्हणाला,

"बा म्हाराजा, ह्यो डबो आज आमच्या पाठीर दिलंस. ह्या कोपऱ्याचो जो कोण राखणदार आसात, तेणा बोंड आडवा धरून ठेवचा. वाऱ्यान हलता नये, वळणार कलता नये, ब्रेकार सरकता नये."

मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

"असो नाय," तो म्हणाला. "बोटां घाल, मगे म्हण. गाऱ्हाण्यात व्हय म्हणणारो पण बांधलेलो असता."

मी बोटं घातली, बोंड चाचपलं आणि पुन्हा म्हणालो. मग मागचे दोन कोपरे, मग डावा पुढचा. शेवटच्या कोपऱ्यावर त्याने स्वतःची भर घातली: "आनी कोणाची वायट नजर लागली आसात, तर ती म्होरल्या कमानीर जावंदे." यार्डातल्या चार-पाच जणांनी लांबूनच "व्हय म्हाराजा" केलं. त्यांना उस्तादाने जवळ बोलावून बोटं घालायला लावली. आठव्या दिवशी त्याने एकही लाथ मारली नाही.

नवव्या दिवशी सकाळी पात्रांव आले. पांढराशुभ्र शर्ट. वसाहतीतल्या एका कारखान्याचा डबा मुरगावला न्यायचा होता, आणि गोदीच्या फाटकावर तो ठरलेल्या वेळेआधी पोचला नसता तर जहाज चुकणार होतं. वेळ होता, पण फार नव्हता. कागदावर पुन्हा तेच, प्लॅस्टिकच्या वस्तू. क्रेनने डबा ठेवला आणि ती यार्डाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे तिला तासाभराचं काम होतं. उस्तादाने गाऱ्हाणं सुरू केलं. पात्रांव हाताची घडी घालून बघत उभे होते. त्यांना ते नवीन होतं.

उजवा पुढचा. व्हय म्हाराजा. उजवा मागचा. व्हय म्हाराजा. डावा मागचा. व्हय म्हाराजा. डाव्या पुढच्या कोपऱ्याशी उस्तादाने बोटं घातली आणि गाऱ्हाणं तिथेच थांबवलं. मूठ पूर्ण फिरलेली होती. त्याने मला बोलावलं. मी बोटं घातली. बोंड उभंच होतं. डब्याखाली लाकडाचा तुकडा अडकून तो कोपरा उचललेला राहिला होता. वरून काही दिसत नव्हतं.

"डबो परत उचलूचो लागतलो," उस्ताद म्हणाला.

पात्रांवनी घड्याळ पाहिलं. "तीन बसल्यात न्हय? वेळ जाता हांगा. भायर सरा, निघा."

इथे एक गोष्ट मला मान्य केली पाहिजे. तीनच बोंडांवर डबे गेलेले मी पाहिले आहेत. माझ्या मनात आलं, की जाऊ दे, आज ह्याची परीक्षा आहे, हळू चालवू. मी तोंड उघडणारच होतो. उस्तादाला मोरजीचं फाटक दिसत होतं की नाही, मला माहीत नाही. मला दिसत होतं, शिटीसकट.

"पात्रांव," तो म्हणाला, "गाऱ्हाण्यात तीन शिमी नसतत."

"अरे, पण जहाज थांबपाचें ना."

"मगे तुमी येवा. ह्यां भोक. बोटां घाला आनी व्हय म्हणा. तुमी व्हय म्हटलास की मी निघतंय."

तो आवाज चढवून बोलला नव्हता. गावच्या देवळात एखाद्या मानकऱ्याला पुढे यायला सांगावं तसं त्याने सांगितलं. यार्डात सगळे कामं सोडून उभे राहिले. पात्रांव कोपऱ्यापर्यंत आले. भोकाकडे पाहिलं, ग्रीसकडे पाहिलं, आपल्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. बाही दुमडून त्यांनी बोटं घातली. हे मात्र मी त्यांच्या बाजूने नेहमी सांगतो, की त्यांनी ती घातली. मग बाहेर काढली आणि रुमालाने पुसली.

"क्रेनवाल्याक बोलवा," ते शेवटी म्हणाले.

डबा उचलला, लाकूड काढलं, डबा परत बसवला. उस्तादाने गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं. मधूनच सुरू करता येत नाही म्हणाला. पाऊण तास गेला. चौथ्या कोपऱ्यावर व्हय म्हाराजा म्हणणाऱ्यांत एक आवाज पात्रांवचा होता, हळू, पण होता.

मी शेजारी बसलो आणि आम्ही निघालो. म्हापसा मागे पडलं. जुवारीच्या पुलावर चढलो तेव्हा समुद्राकडून वारा होता. नव्या ड्रायव्हरांना मी तेव्हा सांगायचो: जड डब्याला घाबरायचं वळणावर, हलक्या डब्याला घाबरायचं पुलावर. हलका डबा म्हणजे लोखंडी शीड. मधल्या भागात वाऱ्याचा एक तडाखा आला आणि मागून ट्रेलर कण्हला. उस्तादाने ब्रेक मारला नाही, पाय हलकेच वर घेतला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि एक मोटार पुढे जाऊ दिली. डावीकडच्या आरशात मी पुढचा डावा कोपरा पाहत होतो. डबा ट्रेलरला धरून होता.

"हलको असा," तो म्हणाला. "खनिज असा नाचणा नाय."

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला अभिमान हाच शब्द आहे, आणि तो शब्द फलकांवर इतका वापरला गेलाय की लिहायला संकोच वाटतो. पण दुसरा नाही. मला ज्याने गाडी शिकवली तो माणूस माझ्याकडून एक गोष्ट शिकला होता, आणि शिकता शिकता ती माझ्यापेक्षा बरी करून बसला होता. यार्डात मी तीन कोपऱ्यांवर भागवणार होतो. त्याने भागवलं नाही.

गोदीच्या फाटकावर आम्ही वेळेच्या दहा-बारा मिनिटं आधी पोचलो. तिथल्या माणसाने सीलचा नंबर जुळवला, चारी कोपऱ्यांवरून नजर फिरवली आणि आत जायची खूण केली. त्याला गाऱ्हाण्यातलं काही कळलं नसतं, पण कोपऱ्यांवर इतक्या माणसांच्या बोटांचे ग्रीसचे ठसे पाहून त्याने एकदा आमच्याकडे वळून पाहिलं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा पात्रांव ऑफिसच्या दारात उभे होते. उस्तादाला म्हणाले, "फाल्यां सकाळीं सातांक यो." उद्या सातला ये, एवढंच. नेमणुकीचं पत्र म्हणून आमच्याकडे एवढंच देतात. उस्तादाने जावयाला फोन लावला आणि गणवेश कुणा उंच माणसाला द्या म्हणून सांगितलं.

आता आमच्या यार्डात कुठलाही डबा गाऱ्हाण्याशिवाय निघत नाही. ऑफिसने त्याचा फलक करून भिंतीवर लावलाय: "चतुष्कोणी सुरक्षा पडताळणी". तो कुणी वाचत नाही. कोल्हापूरचा एक ड्रायव्हर आलाय, त्याला मालवणी येत नाही, पण "व्हय म्हाराजा" तो तालमीतल्यासारखं छाती काढून म्हणतो. बेळगावकडचा एक जण मध्येच व्हयच्या जागी कानडी "हौदु" घालतो. उस्तादाचं म्हणणं, बोटं घातली असली तर देवाला भाषेचं काही नाही. नव्या माणसांना शिकवायचं काम आता त्याच्याकडे आहे. मी फक्त कमानींबद्दल बोलतो. संस्कृतीबद्दल बोलायचं सोडून दिलंय.

त्या दिवशी डब्यात काय होतं, हे उस्तादाने काही सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात कारखान्याचा माणूस यार्डात आला तेव्हा त्याने त्याला गाठून विचारलंच. डब्यात कमोडवरची झाकणं होती. खालच्या सीट दुसऱ्या कारखान्याच्या होत्या. त्यांचं जहाज वेगळं होतं.